कॉर्नर मिळाला, आता काय?
अंधेरीच्या मैदानावरून उपनगरातल्या कॉलेज टीमनी शिकाव्यात अशा काही गोष्टी

अंधेरी पश्चिमेचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचे आहे. मेट्रोच्या आझाद नगर स्टेशनपासून ते लांब नाही. सुट्टीत मुलांना पोहायला शिकवायला कितीतरी घरे तिथे जातात. याच संकुलातल्या फुटबॉल मैदानावर 17 मार्च 2019 रोजी इंडियन सुपर लीगची फायनल झाली. एका बाजूला एफसी गोवा, दुसऱ्या बाजूला बेंगळुरू एफसी. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळ सुरू झाला, गोव्याचा अहमद जाहू लाल कार्ड मिळून बाहेर गेला आणि गोव्याचे दहाच खेळाडू उरले. 117व्या मिनिटाला बेंगळुरूला कॉर्नर मिळाला. दिमास देल्गादोने चेंडू आत टाकला आणि आपल्या मुंबईच्या राहुल भेकेने डोक्याने तो गोलमध्ये घातला. सामना 1-0 असा संपला.

दोन तास खेळून, धावून, घाम गाळून जे जमले नाही ते एका कॉर्नरने केले. ज्यांनी हा सामना पाहिला त्यांच्यापैकी बरेच जण म्हणाले, नशीब! आमचे मत वेगळे आहे. कॉर्नर मिळणे हा नशिबाचा भाग असू शकतो. मात्र कॉर्नर मिळाल्यावर कोणी कुठे पळायचे, कोणी कोणाला अडवायचे, चेंडू कुठे पडला पाहिजे, हा तयारीचा भाग असतो. यालाच आम्ही या लेखात ‘प्रसंग’ म्हणणार आहोत. कॉर्नर, फ्री किक, थ्रो-इन, पेनल्टी, एक खेळाडू कमी झाल्यावरचा खेळ, हाफ टाइमच्या आधीची पाच मिनिटे आणि आघाडीवर असतानाची शेवटची दहा मिनिटे हे सगळे प्रसंग प्रत्येक सामन्यात येतात किंवा येऊ शकतात, हे आधीच माहीत असते. म्हणूनच त्यांचा अभ्यास करता येतो.

हा विषय घरोघरच्या मासिकात कशाला, असा प्रश्न पडू शकतो. जोगेश्वरी, अंधेरी, मालवणी, कुर्ला, घाटकोपर, गोवंडी या भागांतल्या आपल्या घरांत कॉलेजात जाणारा आणि फुटबॉलचे बूट पिशवीत घेऊन फिरणारा एखादा मुलगा असतोच. आता मुलीही आहेत. ‘आमची टीम चांगली खेळते, पण जिंकत नाही’ हे वाक्य ही मुले घरी येऊन सांगतात. मग घरचे म्हणतात, जिंकत नाही तर वेळ कशाला घालवतोस? इथेच अनेकांचा खेळ थांबतो. बहुतेक वेळा कमी पडलेले असते ते कौशल्य नव्हे, प्रसंगांची तयारी. हे मुलांना आणि घरच्यांनाही कळावे म्हणून हा लेख.

एका पराभवापासून दोन ट्रॉफींपर्यंत

2019 च्या त्या फायनलमध्ये हरलेल्या गोव्याचे कोच होते सर्जिओ लोबेरा. त्यांच्या संघात मोरोक्कोचा अहमद जाहू होता आणि सेनेगलचा उंच बचावपटू मोर्तादा फॉल होता. पुढे हे तिघेही मुंबई सिटी एफसीकडे आले. हा संघ अंधेरीच्याच मैदानाला आपले घर मानतो. 2020-21 चा हंगाम मात्र कोविडमुळे पूर्णपणे गोव्यात, प्रेक्षकांविना खेळला गेला.

त्या हंगामातला साखळीचा शेवटचा सामना 28 फेब्रुवारी 2021 रोजी एटीके मोहन बागानशी होता. बागानला पहिले स्थान राखायला बरोबरी पुरेशी होती, मुंबईला जिंकणे भाग होते. अशा वेळी संघ घाबरून पुढे धावतात आणि मागे उघडे पडतात. मुंबईने तसे केले नाही. सातव्याच मिनिटाला जाहूने फ्री किक घेतली आणि फॉलने ती डोक्याने आत घातली. 39व्या मिनिटाला एर्नान सांतानाची फ्री किक क्रॉसबारला लागून परत आली. तिथे बार्थोलोम्यू ओगबेचे उभा होता, त्याने हेडर मारला. 2-0. दोन्ही संघांचे 40 गुण झाले आणि आपसातल्या सामन्यांच्या जोरावर लीग शील्ड मुंबईला मिळाली. पंधरवड्याच्या आत, 13 मार्चला फायनलमध्येही हेच दोन संघ समोरासमोर आले. मुंबई आधी एका गोलने मागे पडली, बरोबरीत आली आणि 90व्या मिनिटाला बिपिन सिंगने विजयी गोल केला. एकाच हंगामात शील्ड आणि कप, दोन्ही.

अंधेरीत एका कॉर्नरने जे हरले त्यांच्यापैकीच काही जण दोन वर्षांनी दोन फ्री किकवर हंगामाचा सर्वांत महत्त्वाचा सामना जिंकले, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. जाहूकडेच पाहा. फायनलमध्ये लाल कार्ड घेऊन बाहेर गेलेला हा खेळाडू मुंबईसाठी चेंडू अचूक टाकणारा मुख्य माणूस ठरला. फॉल तर बचावपटू असूनही गोल करण्यासाठीच ओळखला जाऊ लागला. इंडियन सुपर लीगमध्ये इतके गोल करणारा दुसरा बचावपटू नाही. हे गोल त्याने ड्रिबल करून केलेले नाहीत. चेंडू कुठे येणार हे त्याला ठाऊक असायचे आणि तो वेळेवर तिथे पोचायचा.

दुसरा नमुना पुन्हा अंधेरीचाच आहे. जून 2018 मध्ये इथे इंटरकॉन्टिनेंटल कप झाला. सुनील छेत्रीने लोकांना मैदानावर येण्याची कळकळीची विनंती केली होती आणि नंतर तिकिटे मिळेनाशी झाली, ती हीच स्पर्धा. 10 जूनच्या फायनलमध्ये समोर केनिया होता. आठव्या मिनिटाला भारताला फ्री किक मिळाली. सगळ्यांना वाटले चेंडू उंच येणार. अनिरुद्ध थापाने तो जमिनीलगत सरळ छेत्रीच्या धावेत दिला. बचावपटूंना उमगेपर्यंत गोल झाला होता. भारताने सामना 2-0 ने जिंकला. त्या पहिल्या गोलमध्ये अवघड असे कौशल्य काही नव्हते. दोघांना एकमेकांच्या मनातले ठाऊक होते, एवढेच. ही गोष्ट कॉलेजच्या टीमला न जमण्याचे काही कारण नाही.

खालिद जमील यांचा मार्ग

मोठे संघ, मोठा पैसा, परदेशी कोच. आपल्या मुलांचा त्यांच्याशी काय संबंध, असे कोणी विचारेल. त्याला उत्तर म्हणून खालिद जमील यांच्याकडे बघावे. कुवेतमध्ये जन्मलेले आणि मुंबईत स्थायिक झालेले हे गृहस्थ महिंद्रा युनायटेडकडून खेळले. नंतर 2009 ते 2016 अशी सात वर्षे त्यांनी मुंबई एफसी हा बेताच्या पैशांचा संघ सांभाळला. तिथून ते मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे गेले. त्या संघाला कोणी खिजगणतीत धरत नव्हते. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगमध्ये शेवटचा सामना होता आणि ऐझॉलला विजेतेपदासाठी बरोबरी पुरेशी होती. नवव्या मिनिटालाच ते मागे पडले. तरी संघ विस्कटला नाही. दुसऱ्या हाफमध्ये त्यांनी गोल फेडला, सामना 1-1 राखला आणि मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त मिळवून आय-लीग जिंकली.

ऑगस्ट 2025 मध्ये जमील भारतीय संघाचे कोच झाले. पहिलाच सामना 29 ऑगस्टला ताजिकिस्तानात, ताजिकिस्तानशीच होता. पाचव्या मिनिटाला अन्वर अलीने आणि तेराव्या मिनिटाला संदेश झिंगनने गोल केला. दोघेही बचावपटू! मोहम्मद उवैसचे लांब थ्रो-इन हे त्या दिवशी भारताचे मोठे हत्यार होते. दुसऱ्या हाफमध्ये गुरप्रीत सिंग संधूने पेनल्टी अडवली. भारत 2-1 ने जिंकला. त्याच स्पर्धेत तिसऱ्या स्थानाच्या सामन्यात भारताने ओमानला 1-1 वर रोखून पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले.

मात्र ही नाण्याची एक बाजू झाली. ऑक्टोबरमध्ये आशियाई कपच्या पात्रता फेरीत भारताचे सिंगापूरशी दोन सामने झाले. पहिल्या सामन्यात हाफ टाइमच्या तोंडावर भारताने गोल खाल्ला. दुसरा हाफ सुरू होताच झिंगनला लाल कार्ड मिळाले. दहा जणांनिशी खेळूनही 90व्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधली, ही शाबासकीची गोष्ट. पाच दिवसांनी मडगावात भारत आघाडीवर होता. पुन्हा हाफ टाइमच्या तोंडावर, 44व्या मिनिटाला गोल खाल्ला. 58व्या मिनिटाला आणखी एक. सामना गेला आणि 2027 च्या आशियाई कपची आशाही गेली.

याचा अर्थ असा की एका प्रसंगात तरबेज असलेला संघ दुसऱ्या प्रसंगात कच्चा असू शकतो. लांब थ्रो-इनची तयारी होती, हाफ टाइमच्या आधीच्या पाच मिनिटांत मात्र ढिलाई आली. कॉलेजच्या टीमनेही स्वतःचा हिशोब असाच मांडावा. ‘आपण कसे खेळतो’ असे मोघम विचारण्यापेक्षा ‘गेल्या पाच सामन्यांत आपण गोल कधी आणि कशावर खाल्ले’ हे वहीत लिहून काढावे. उत्तर समोर येईल.

हे नवीन नाही

प्रसंगांची तयारी ही कॉम्प्युटरच्या जमान्यातली कल्पना आहे असे कोणाला वाटत असेल तर त्यांनी हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांना आठवावे. रहीम साहेब पेशाने शिक्षक होते. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांनी असा घडवला की 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप त्या संघाने नेला. आपल्या आजोबांच्या पिढीने कुपरेजवर हा संघ पाहिला आहे. रहीम साहेब मुलांसाठी ड्रिबल करायला मनाई असलेले सामने भरवत, कच्च्या पायानेच खेळायचे सामनेही भरवत. म्हणजे एका वेळी एकच गोष्ट घ्यायची आणि ती पक्की करायची.

त्यांच्या हाताखालचा भारतीय संघ 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईचाच खेळाडू. 1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये पहिलाच सामना दक्षिण कोरियाने 2-0 ने जिंकला होता. फायनलला पुन्हा तेच आले. दरम्यान बचावपटू जर्नेल सिंगच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले होते. रहीम साहेबांनी त्याला घरी बसवले नाही आणि बचावातही ठेवले नाही. सेमी फायनलपासून त्याला पुढे, सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळवले. 4 सप्टेंबर 1962 च्या फायनलमध्ये पी. के. बॅनर्जीने एक आणि याच जर्नेलने दुसरा गोल केला. शेवटी शेवटी कोरियाने एक गोल फेडला, पण भारत 2-1 ने जिंकला. रहीम साहेब तेव्हा कॅन्सरने आजारी होते. पुढच्या जूनमध्ये त्यांचा इंतकाल झाला. ‘मैदान’ हा 2024 चा चित्रपट त्यांच्यावरच आहे.

अडचण आली की गोंधळून न जाता हाताशी जे आहे त्याची जागा बदलून पाहणे, हा एका शिक्षकाने घालून दिलेला धडा आहे. साठ वर्षांनी तो शिळा झालेला नाही.

कॉलेजच्या टीमने काय करावे?

उपनगरात मैदान मिळणे किती कठीण आहे हे आम्ही सांगायला नको. मैदानावर चार क्रिकेटचे सामने एकाच वेळी चाललेले असतात. टर्फ तासावर भाड्याने मिळते आणि वर्गणी काढून ते भाडे भरावे लागते. म्हणूनच प्रसंगांचा सराव कॉलेजच्या टीमला जास्त परवडतो. त्याला पूर्ण मैदान लागत नाही, गोलच्या पुढचा अर्धा भाग पुरतो. आठवड्यात दोनदा अर्धा-अर्धा तास दिला तरी फरक दिसू लागतो. आमच्या मते पुढच्या सहा गोष्टी क्रमाने घ्याव्यात.

पहिली, आपला कॉर्नर. दोनच प्रकार ठरवा, दहा नकोत. एकात चेंडू जवळच्या पोलकडे, दुसऱ्यात लांबच्या पोलकडे. घेणाऱ्याने हात वर केला की एक प्रकार, केला नाही की दुसरा. एक जण जवळच्या पोलवर, एक गोलकीपरच्या समोर, दोघे लांबच्या पोलकडे धावणारे, एक जण बॉक्सच्या बाहेर परत आलेल्या चेंडूसाठी आणि दोघे मागे राखणीला. आपल्याच कॉर्नरवरून चेंडू सुटून समोरच्याने गोल केला, हा कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत दुखणारा गोल असतो. मागे थांबणारे दोघे कोण, हे सामन्याआधी नावानिशी ठरलेले हवे.

दुसरी, समोरच्याचा कॉर्नर. ‘माणूस पकडा’ असे सगळेच ओरडतात आणि दोघे एकालाच पकडतात. त्यापेक्षा जवळच्या पोलवर एक जण कायमचा उभा करा, उंच मुलांना गोलसमोरच्या जागा वाटून द्या आणि बाकीच्यांना एकेक माणूस द्या. गोलकीपरने ‘माझा’ म्हटले की बाकीच्यांनी वाट सोडायची. नमाजच्या सफमध्ये जशी प्रत्येकाला आपली जागा माहीत असते, तशी इथेही असावी.

तिसरी, थ्रो-इन. थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो. हा नियम कितीतरी मुलांना माहीत नसतो. कॉर्नर आणि गोल किकलाही तो नसतो. ज्याचे खांदे मजबूत आहेत त्याला लांब थ्रोची सवय लावा. समोरच्या बॉक्सजवळचा थ्रो-इन म्हणजे जवळजवळ कॉर्नरच.

चौथी, आघाडीवर असताना शेवटची दहा मिनिटे. आपले मुलगे इथे दोन चुका करतात. सगळेच मागे येऊन चेंडू नुसता उडवत राहतात किंवा दुसऱ्या गोलच्या मोहात सगळेच पुढे जातात. चेंडू बाजूच्या रेषेजवळ, समोरच्याच अर्ध्या भागात राखणे हा खरा उपाय. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वेळ सांभाळणे वेगळे आणि लबाडीने वेळ काढणे वेगळे. खोटे पडून लोळणे, चेंडू लांब फेकणे हे आपल्या मुलांना शोभत नाही आणि आता ते महागही पडते. 2025 पासूनच्या नियमानुसार गोलकीपरने आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात ठेवला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो.

पाचवी, दहा जणांचा खेळ. सरावात महिन्यातून एकदा मुद्दाम एक खेळाडू बाहेर बसवा आणि पंधरा मिनिटे खेळा. मागे चार, मधे चार आणि पुढे एकटा, हा साधा साचा. लाल कार्ड मिळाल्यावर पहिली दोन मिनिटे रेफरीशी वाद घालण्यात जातात आणि तेवढ्यात गोल होतो. वाद कॅप्टन घालेल, बाकीच्यांनी जागा धरायच्या.

सहावी, पेनल्टी. बाद पद्धतीच्या स्पर्धेत बरोबरी झाली की टाय-ब्रेकर येतो, हे सर्वांना माहीत असते. तरी पाच जणांची नावे कुजबुजत ऐन वेळी ठरतात. ती यादी सामन्याच्या आदल्या दिवशी तयार असावी. सराव संपल्यावर, पाय थकलेले असताना, मधल्या रेषेपासून एकट्याने चालत येऊन प्रत्येकाने एकच पेनल्टी घ्यावी. सामन्यातही दुसरी संधी मिळत नसते.

जग काय शिकले?

2018 च्या वर्ल्ड कपमध्ये 169 गोल झाले. पेनल्टी धरून त्यातले दहातले चार गोल अशा थांबलेल्या चेंडूवरूनच आले. सेमी फायनलपर्यंत गेलेल्या इंग्लंडने 12 गोल केले, त्यातले नऊ असे होते. त्यांचे कोच गॅरेथ साउथगेट यांनी त्यासाठी अमेरिकेतले बास्केटबॉल आणि तिथल्या पद्धतीचा फुटबॉल पाहिला होता. आपल्यापेक्षा अगदी वेगळ्या असलेल्या त्या अमेरिकन फुटबॉलमध्ये तर प्रत्येक डाव थांबून थांबून होतो आणि कॉलेजच्या संघांपासूनच प्रत्येक प्रसंगाची वेगळी तालीम होते. साउथगेट स्वतः 1996 च्या युरो कपमध्ये महत्त्वाची पेनल्टी चुकले होते. त्यांच्याच संघाने 2018 मध्ये कोलंबियाला हरवून वर्ल्ड कपमधला इंग्लंडचा पहिला शूटआउट जिंकला.

2022 मध्ये कतारला मोरोक्कोने जे केले ते तर आपल्या घराघरांत पाहिले गेले. स्पेनशी 120 मिनिटे बरोबरी आणि मग शूटआउटमध्ये यासिन बुनूने दोन पेनल्टी अडवल्या. स्पेनला एकही गोल करता आला नाही. अशरफ हकिमीने शेवटची पेनल्टी इतक्या हलक्या हाताने चेंडू उचलावा तशी मारली की पाहणाऱ्यांचा श्वास अडकला. पुढच्या सामन्यात पोर्तुगालविरुद्ध एका गोलची आघाडी राखताना शेवटी एक खेळाडू लाल कार्डाने गेला, तरी मोरोक्कोने ती सोडली नाही. सेमी फायनलला पोचलेला तो पहिला आफ्रिकी संघ. नंतर सोफियान बुफाल मैदानावर अम्मीसोबत नाचला, ते दृश्य कोण विसरेल? सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. अवघड वेळी आपली जागा न सोडणे हेही सब्रच आहे.

रोजा आणि सराव

रमजानमध्ये आपल्या खेळाडू मुलांपुढे दरवर्षी प्रश्न उभा राहतो. तोही एक प्रसंगच समजावा आणि आधी ठरवावे. एप्रिल 2021 मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लेस्टर सिटी आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या कॅप्टननी आणि रेफरींनी आधीच ठरवून घेतले होते. सूर्यास्तानंतर एका गोल किकच्या वेळी खेळ क्षणभर थांबला आणि वेस्ली फोफाना व शेखू कुयाटे यांनी रोजा सोडला. कोणाचे काही बिघडले नाही. आपल्याकडेही कोचशी आधी बोलले तर बहुतेक जण समजून घेतात. या महिन्यात धावण्याचा सराव कमी करून कॉर्नर आणि फ्री किकच्या जागा चालत चालत पाठ करणे शक्य आहे. तरावीहनंतरच्या टर्फवरच्या गर्दीत जमल्यास दहा मिनिटे यालाच द्यावीत. प्रकृती बरी नसेल तेव्हा मात्र डॉक्टरांचे ऐकावे.

मुलींना कमी वेळ मिळतो

उपनगरांच्या पलीकडे, मुंब्र्यात ‘परचम’ या संस्थेने मुलींची फुटबॉल टीम उभी केली. मैदानावर मुलांचाच कब्जा असल्याने मुलींसाठी जागा राखून ठेवावी म्हणून त्या मुलींनी घरोघर जाऊन सह्या गोळा केल्या. त्यांच्यात मुस्लिम मुली होत्या आणि इतर धर्मांच्याही. अंधेरी-कुर्ल्याच्या मुलींचा अनुभव फारसा वेगळा नाही. अंधार पडायच्या आत घरी यायचे असते, त्यामुळे सरावाला मुलांच्या निम्माच वेळ मिळतो. ज्यांना वेळ कमी, त्यांनी तर प्रसंगांची तयारी आधी करावी. अर्ध्या तासात सहा कॉर्नर आणि सहा थ्रो-इन सहज होतात.

डोके झाकून खेळता येईल का, अशी शंका अजूनही घरांत विचारली जाते. 2014 पासून फुटबॉलच्या नियमांत त्याला परवानगी आहे. 2023 च्या महिला वर्ल्ड कपमध्ये मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून खेळली आणि त्या सामन्यात मोरोक्कोने दक्षिण कोरियाला 1-0 ने हरवले.

घरच्यांनी काय करावे?

प्रत्येक मुलगा पुढे जाऊन खेळाडू होणार नाही, हे मुलालाही ठाऊक असते. मग हा वेळ वाया जातो का? आम्हाला तसे वाटत नाही. जो मुलगा 1-0 ने पुढे असताना शेवटच्या पाच मिनिटांत डोके शांत ठेवायला शिकला, तो परीक्षेच्या शेवटच्या पंधरा मिनिटांतही पेपर नीट आवरतो. ज्याला आपली जबाबदारी नावानिशी मिळाली आणि ती त्याने पाळली, तो घरातही विश्वासाचा होतो.

यासाठी घरून फार काही लागत नाही. सराव कोणत्या दिवशी, किती वाजता, हे मुलाकडून परीक्षेच्या वेळापत्रकासोबत एका कागदावर लिहून घ्यावे. दोन्ही पाळले जातात की नाही हे बघावे. सामना हरून आला तर ‘किती गोल खाल्ले’ हे विचारण्याऐवजी ‘कशावर खाल्ला’ असे विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर देताना मुलगा विचार करू लागतो आणि पुढच्या सरावाला काय करायचे ते त्याचे त्यालाच सापडते. वर्षातून एकदा तरी अब्बांनी, अम्मींनी, मोठ्या भावाने मैदानावर जाऊन सामना पाहावा. आपले लोक काठावर उभे आहेत हे दिसले की मुलाचे पाय थरथरत नाहीत.

आणि जो मुलगा राखीव म्हणून बाकावर बसतो त्यालाही सांगा. लांब थ्रो टाकणारा, पेनल्टी घेणारा, कॉर्नरवर हेडर मारणारा, यांपैकी एका कामात तो टीममध्ये सर्वांत चांगला झाला तर कोचला त्याची आठवण येणारच. एक काम निवडायचे, ते शंभर वेळा करायचे आणि वेळ आली की न घाबरता पुढे व्हायचे. उपनगरातल्या कोणत्याही कॉलेजच्या टीमला इथून सुरुवात करता येईल, आणि तीही याच आठवड्यात.